हळदीच्या हाताची वीत

वैशाखाच्या अखेरीस मावळात राब भाजतात. भाताचे रोप जिथे पेरायचे तेवढ्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, डहाळ्या पसरून त्यांना आग लावतात, आणि मग औंढ्यापासून मळवलीपर्यंतच्या सगळ्या उतारांवरून निळसर धूर संथपणे वर चढू लागतो. त्या धुराला भाजक्या मातीचा एक गोडसर वास असतो. करवंदांच्या जाळ्यांवरून येताना तो किंचित आंबट होतो अशी माझी समजूत आहे, आणि जानकीच्या मते ती निव्वळ समजूतच आहे. जानकी म्हणजे माझी पत्नी. बोलताना मी तिचे नाव कधी घेतले नाही, आमच्या पिढीत कोणी घेतही नसे. लिहिताना मात्र घ्यावेसे वाटते, कारण कागदावर ‘ही’ असे लिहिले की ती समोर येऊन बसते आणि मग खरे लिहिण्याचा धीर होत नाही.

त्या काळी लोणावळ्यातल्या आमच्या घराभोवती तीन धूर असत. राबाचा धूर वर्षातून एकदा पाहुण्यासारखा येई आणि जाई. दुसरा धूर इंजिनांचा; घर रुळांपासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे दोरीवर वाळत घातलेल्या धोतरावर काळ्या कणांची रांगोळी ठरलेली. आणि तिसरा आमच्या स्वयंपाकघराचा. मी रेल्वेच्या कचेरीत नकाशे काढण्याच्या कामावर होतो. पूल, मोऱ्या, फलाट, मालाच्या शेडी यांची मापे घ्यायची आणि ती कागदावर उतरवायची, हा माझा व्यवसाय. आणि इंचाच्या आठव्या भागाचीही चूक मी होऊ देत नाही, हा माझा अभिमान. ज्या वर्षी घाटात विजेची इंजिने सुरू झाली त्या वर्षी आमच्या कचेरीत दुसरा विषयच नव्हता. एके दिवशी जेवताना मीही जानकीला मोठ्या रसाने वर्णन करून सांगितले की आता बोगद्यातून बाहेर पडलेल्या माणसाचा सदरा पांढराच्या पांढरा राहतो, डोळ्यात एक कण जात नाही, घाटातली हवा कशी धुतल्यासारखी झाली आहे. ती फुंकणीने चूल फुंकत होती. तिच्या डोळ्यांतून पाण्याची धार लागली होती. पदराने डोळे पुसून ती म्हणाली, “बरं झालं हो. इंजिनवाल्यांचे डोळे तरी वाचले.”

ती हे टोचून म्हणाली की सहज, ते मला आजवर कळलेले नाही.

तिचे डोळे दोन वर्षांपासून लाल असत. आम्ही दोघेही त्याला ‘जरा चुरचुरतात’ असे म्हणून मोकळे होत होतो. त्या चैत्रात मी तिला पुण्याला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी भिंग लावून बराच वेळ पाहिले आणि डाव्या डोळ्यावर सारा, म्हणजे पांढुरका पडदा, येऊ लागल्याचे सांगितले. दोन महिने रोज औषध घालावे लागेल, आणि त्यानंतर पुन्हा धुरात बसल्या तर हा डोळा आपल्या हातात राहणार नाही, असे ते माझ्याकडे बघून म्हणाले. तिच्या भावाचे घर पुण्यातच होते, आमचा मुलगाही तिथेच शाळेला होता, तेव्हा ती तिथे राहिली. निघताना मी मेहुण्यांच्या भरल्या घरात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, “स्वयंपाकघरातला धूर बाहेर काढल्याशिवाय मी न्यायला येणार नाही.” बोलून तर गेलो. गाडीत बसल्यावर, तळेगाव मागे पडल्यावर, त्याचा अर्थ हळूहळू ध्यानात येऊ लागला. लोणावळ्यात ज्येष्ठाच्या मध्यापासून चार महिने ओली माती वाळत नाही, चुना धरत नाही, आणि गवंडी, सुतार, मजूर सगळे आपापल्या शेतावर लावणीला निघून जातात. म्हणजे हाताशी फार तर सहा आठवडे होते. त्यात साधले तर साधले, नाही तर जानकी दसऱ्यापर्यंत पुण्याला.

घर माझ्या वडिलांनी बांधलेले, तीन खोल्यांचे, दगडी भिंतींचे आणि कौलारू. स्वयंपाकघर सगळ्यात मागे, उत्तरेला एक झरोका, वर काजळीने डांबरासारखे झालेले वासे. चूल माझ्या आईच्या वेळची. आई चांगली उंच, थोराड हाताची बाई होती. तिची चूलही तशीच, ऐसपैस आणि खोल, समोरच्या तोंडावर मोठे पातेले आणि मागच्या बाजूला वैल, म्हणजे उरलेल्या आचेवर भांडे ठेवायचे दुसरे तोंड. आई गेल्यानंतरही ती चूल तशीच सारवली जात होती. मी त्या खोलीत जेवायला बसण्यापलीकडे कधी फारसा गेलो नव्हतो. कागद पसरून तिची लांबीरुंदी घ्यायला लागलो तेव्हा जाणवले, खंडाळ्याच्या बाजूच्या एकूण एक मोरीचे माप मला तोंडपाठ आहे आणि ज्या खोलीतून मला रोज दोन वेळा ताट येते तिच्या मापाचा मला पत्ता नाही.

मी आठ दिवस नकाशा काढला. असा देखणा नकाशा माझ्या हातून पुन्हा झाला नाही. चुलीवर उतरते छत आणि त्यातून कौलांच्या वर निघणारे धुराडे. ही कल्पना एका पारशी बंगल्याच्या मुदपाकखान्यावरून उचलली होती. पूर्वेला मोठी खिडकी, खाली शहाबादी फरशी, भिंतीत फळ्या, मोरीला दगडी कट्टा. नकाशाबरोबर एक वेळापत्रकही केले, अगदी गाड्यांचे करतात तसे: अमुक दिवशी चूल पाडणे, अमुक दिवशी भिंत फोडणे, सुताराची खिडकी येणे आणि गवंड्याचे चौकट बसवणे यांचे क्रॉसिंग अमुक तारखेला. ते वेळापत्रक पहिल्याच आठवड्यात कोलमडले. वैशाख म्हणजे लग्नसराई, आणि सुताराला इतके चुलतभाऊ असतील याची मला कल्पना नव्हती. प्रत्येकाच्या हळदीला तो दोन दिवस जाई आणि येताना माझ्यासाठी बुंदीचा लाडू आणी, त्यामुळे रागावताही येत नसे. चुना भिजत होता तर वाळू आली नव्हती, वाळू आली तर खिडकी नव्हती. मी खानावळीत जेवून येई, दोन कपाटे आणि एक उतरंड यांच्यामध्ये ओसरीवर अंथरूण टाकी, आणि सकाळी कचेरीत निघण्याआधी तासभर नुसता इकडून तिकडे फिरून सगळ्यांच्या कामात अडथळा आणी.

गवंडी मळवलीचा, उस्मानभाऊ. त्याच्या बापाने आमचे घर बांधले होते. शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारलेच, की सोवळ्याच्या जागी उस्मानला कसे नेता. मी म्हटले, “काकू, ज्या भिंतीच्या आत तुम्ही हळदीकुंकवाला येता ती त्याच्या वडिलांनीच उभी केली आहे.” काकूंनी मान हलवली, आणि दुपारी उस्मानभाऊसाठी ताकाचा तांब्या कुंपणावर आणून ठेवला. उस्मानभाऊने माझा नकाशा उलटसुलट करून पाहिला, हात कानाला लावून तारीफ केली, आणि म्हणाला, “भाऊ, नकशा झ्याक हाय. पर पावसाचा वारा ह्यात कुटं दिसत न्हाई.”

“म्हणजे?”

“तुमी धुराड्याचं तोंड काढलंया खंडाळ्याकडं. आखाडात तिकडनं वारं येतंय, पानी घिऊन. धूर जायचा ऱ्हायला बाजूला, पाऊस चुलीत यील. पाठ फिरवा त्याची.”

मी मान खाली घालून रबराने धुराडे पुसले आणि पाठ फिरवून काढले. इंचाच्या आठव्या भागाची चूक न करणाऱ्या माणसाने अख्खा पावसाळा विसरावा, हे जानकीला कळले असते तर ती पुढे वर्षभर पावसाची सर आली की माझ्याकडे बघून हसली असती.

तिची पोस्टकार्डे येत. डोळ्यांना ताण नको म्हणून भाची लिही आणि ती सांगे. पोस्टकार्ड पोस्टमनसकट सगळे वाचणार, त्यामुळे त्यात मनातले काही नसे. लोणच्याच्या बरण्यांना ऊन दाखवा, तुळशीला पाणी घाला, शिक्यातल्या साखरेच्या मुंग्या बघा. तिला मी एवढेच कळवले होते की थोडी कौले चाळून घेतो आहे आणि धूर जाण्याची काही तजवीज करतो आहे. नव्या स्वयंपाकघराचा मजकूर मी राखून ठेवला होता. ती दारात उभी राहील, बघेल, आणि तिला काही बोलता येणार नाही, असे ते दृश्य मी मनात इतक्या वेळा पाहिले होते की पत्रात लिहून ते मोडणे मला शक्यच नव्हते.

चूल घालायला औंढ्याच्या गंगूमावशी आल्या. चूल घालणे हे गवंड्याचे काम नव्हे. त्याला बाईचा हात लागतो, आणि पंचक्रोशीत गंगूमावशींसारखा हात नव्हता. वारुळाची माती, भाताचा तूस आणि टांगेवाल्याकडची घोड्याची लीद, हे सगळे त्यांनी दोन दिवस तुडवून लोण्यासारखे मऊ केले. त्या ओल्या मातीचा आणि शेजारी फुटणाऱ्या चुन्याचा असा मिळून एक थंड, स्वच्छ वास घरभर पसरला होता, आणि खिडकीसाठी फोडलेल्या भिंतीतून पहिल्यांदाच त्या खोलीत सकाळचे ऊन येऊन पडले होते. मावशी उकिडव्या बसल्या, हात धुतले आणि म्हणाल्या, “हां, बाईला बलवा.”

“बाई पुण्याला आहेत, मावशी.”

“मंग चूल कशी घालू? चूल म्हंजी काय पाट हाय व्हय, कुनीबी बसावं? जी बसनार तिच्या वितीनं घालत्यात. उंची तिची एक वीत चार बोटं. तोंड येक वीत. वैल तिथनं दीड वीत. माजी वीत धरली तर चूल माजी हुईल, बाईची न्हाई.”

मी चकित होऊन ऐकत राहिलो. ज्याला आम्ही कचेरीत प्रमाण म्हणतो ते या बाईने किती नेमके धरले होते! पण जानकीची वीत आणायची कुठून? पोस्टकार्डावर ‘तुझ्या वितीची लांबी कळव’ असे लिहिले असते तर ते मेहुण्यांनी मोठ्याने वाचले असते, आणि तो गृहस्थ इतका विनोदी की माझ्या नातवंडांच्या बारशापर्यंत त्याने तो विषय पुरवला असता. तिची वीत माझी मीच आठवावी म्हटले तर आठवेना. मी तिचा हात ताट वाढताना पाहिला होता, देवापुढे जोडलेला पाहिला होता. पण अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत तो केवढा, हे डोळे मिटूनही मला दिसले नाही.

तेवढ्यात मला भिंतीवरचा हात आठवला. नवी सून घरात आली की तिचे तळवे ओल्या हळदीत बुडवून स्वयंपाकघराच्या भिंतीवर उमटवायचे, ही आमच्याकडची रीत. धान्याच्या कणगीमागे, अंधाऱ्या कोपऱ्यात, जानकीचा तो उजवा हात अजून होता. ताज्या चुन्यावर पडल्यामुळे हळद तांबूस झाली होती आणि मग वर्षांनी तपकिरी. दर दसऱ्याला भिंत पांढरी करताना माझी आई तेवढी चौकट सोडून देत असे, तिच्यामागे जानकीही सोडत आली, आणि या खेपेला उस्मानभाऊनेही न सांगता सोडली होती. मी सुतळी घेतली. अंगठ्याच्या टोकाला एक गाठ, करंगळीच्या टोकाला दुसरी. मग सवयीप्रमाणे फूटपट्टी लावली: सव्वासहा इंच.

आमच्या पुस्तकात वीत नऊ इंचांची दिलेली आहे. ती पुस्तके पुरुषांनी लिहिलेली आहेत असे म्हणून मी मनाशी हसलो. गंगूमावशींनी सुतळी आपल्या हातावर धरून पाहिली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“हात लय ल्हान हाय की बाईचा.”

“नाजूकच आहे ती,” मी म्हणालो. आणि हे बोलताना मला केवढा अभिमान वाटला होता, ते आठवले की आजही अंगावर काटा येतो.

एवढ्यावर मी थांबलो असतो तर निदान एक चूलच चुकली असती. पण ती सुतळी माझ्या डोक्यातच गेली. सगळे स्वयंपाकघर जानकीच्या हाताच्या मापाने बांधायचे, ही कल्पना मला इतकी सुंदर वाटली की मी त्याच दुपारी नकाशा पुन्हा काढला. फळ्या बसल्या जागेवरून पाच विती, खिडकीचा उंबरठा तीन विती, मोरीचा कट्टा दोन विती. सुताराने विचारले, “भाऊ, फळ्या खाली न्हाई का व्हत?” मी त्याला प्रमाण या विषयावर एक लहानसे व्याख्यान दिले. त्याने ते लाडवासारखे शांतपणे संपवले आणि फळ्या मी सांगितल्या तिथे ठोकल्या.

ज्येष्ठ लागता लागता काम पुरे झाले. उस्मानभाऊ आणि गंगूमावशी आपापल्या शेतावर गेले, आणि मी पुण्याला जाऊन जानकीला घेऊन आलो. डॉक्टरांनी तिला हिरव्या काचांचा चष्मा दिला होता. डाव्या डोळ्याचा सारा तिथल्या तिथे थांबला होता, धुरापासून जपलेत तर डोळा राहील, असे त्यांचे शब्द होते. स्वयंपाकघराच्या दारात ती थबकली. चष्मा काढला, पुन्हा लावला. खिडकीतून समोरचा डोंगर दिसत होता आणि त्यावर ढग उतरून बसले होते. मी मनात पाहिलेल्या दृश्याप्रमाणे तिला खरोखरच काही बोलता आले नाही. मग तिने चूल पेटवली. लाकडांतून धूर निघाला, क्षणभर घोटाळला, आणि छताखालून वळून निमूटपणे धुराड्यात शिरला. ती मान वर करून, डोळे पुरते उघडे ठेवून, तो जाताना बघत राहिली. “गेला हो,” ती म्हणाली. एवढेच. त्या दोन शब्दांसाठी मी सुताराच्या आणखी दहा चुलतभावांची लग्ने सोसली असती.

दोन दिवस मी त्या आनंदात तरंगत होतो. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आले की भाकरी थापून झाली की ती हात कमरेवर ठेवून थोडा वेळ तशीच राहते. पाटावर बसली की तिचे गुडघे चुलीला टेकत. नेहमीचे पातेले चुलीवर बसेना, ते एका बाजूला कलंडे. मिठाची बरणी घ्यायला तिने सवयीने हात वर केला तर तो फळीवर आपटला. “नवीन आहे, होईल सवय,” ती म्हणाली. मी फूटपट्टी आणली आणि सगळे पुन्हा मोजले. एक रेघ इकडची तिकडे नव्हती. मला थोडा रागच आला.

“हे तर तंतोतंत आहे. प्रत्येक गोष्ट तुझ्या वितीने आहे.”

“माझ्या? माझी वीत तुम्ही कधी घेतलीत?”

मी कणगीमागच्या कोपऱ्याकडे बोट केले.

ती उठली. पिठाचा हात पदराला पुसला आणि भिंतीवरच्या त्या तपकिरी हातावर तिने आपला हात ठेवला. खालचा हात दिसेनासा झाला. तिची बोटे त्याच्या बोटांच्या पुढे पेराएवढी निघाली, आणि अंगठा चौकटीच्या बाहेर गेला. मग ती हळूच हसली आणि स्वतःशीच बोलावे तशी म्हणाली, “एवढीशीच होते हो मी.”

लग्नात तिला अकरावे लागले होते. मी सतरा वर्षांचा होतो. भिंतीवरचा तो हात मी सोळा वर्षे पाहत आलो होतो आणि जानकीचा हात म्हणूनच पाहत होतो, एका मुलीचा हात म्हणून एकदाही नाही. मला एकदम दिसले की माझ्या आईच्या थोराड हाताच्या चुलीपुढे अकरा वर्षांची पोर बसवली होती, आणि आता पुरत्या वाढलेल्या बाईला मी अकरा वर्षांच्या पोरीची चूल करून दिली होती. तिच्या मापाचे स्वयंपाकघर तिच्या वाट्याला कधी आलेच नव्हते. मला रडू आले. ते लपवण्यासाठी मी खिडकीकडे गेलो, तर तिचा उंबरठा माझ्या गुडघ्याला लागला.

बाहेर हवा भरून आली होती. चूल मोडून नवी घालायची तर ती वाळणार नाही, आणि औंढ्याहून कोणी येणारही नाही. जुनी चूल पाडून फणसाखाली टाकली होती, तिची माती झाली होती. मी म्हणालो, “दसऱ्यापर्यंत तू पुण्याला राहा. उद्या सोडून येतो.” ती म्हणाली, “काही नको. मी पाट काढून ठेवते, खाली बसते. थोडं वाकावं लागेल, एवढंच ना?” हे तिने इतक्या सहज म्हटले की माझ्याने ऐकवेना. थोडे वाकायचे, थोडे टाचा उंचवायच्या, यातच तिची सोळा वर्षे गेली होती. मी मागच्या अंगणातून पहार आणली.

आयुष्यात मी पहार हातात धरली नव्हती. ती कुठे मारायची हे कागदावर दाखवणे एवढाच माझा अधिकार. चूल वर उचलता येत नव्हती, तेव्हा जमीन खाली न्यायची. चुलीपुढच्या चार फरशा मी उखडल्या, त्यातली एक फोडली, आणि खालची माती चार बोटे खणून काढली. जानकी उंबऱ्यावर हिरवा चष्मा लावून बसली होती आणि मला सूचना देत होती. “अहो, तिकडून. पायावर घ्याल.” मग तिला हसू आवरेना, आणि तिच्या हसण्याने मलाही हसू आले. संध्याकाळी फरशा पुन्हा बसवल्या तेव्हा माझ्या दोन्ही तळव्यांना फोड आले होते. ती खड्ड्यात उतरून बसली, आणि चूल, फळ्या, खिडकी, सगळेच एका दमात तिच्या बेताचे झाले. पातेली मात्र चार महिने लहान वापरावी लागली. श्रावणात त्या खड्ड्याला ओल येई, मग ती खाली गोणपाट घाली. पण धूर वर जात राहिला, आणि तिच्या डोळ्यांची लाली हळूहळू ओसरली.

दसऱ्यानंतर, भात कापणीला येण्याआधी, गंगूमावशी आल्या. सगळी हकिगत ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. “मला तवाच वाटलं व्हतं. पर तुमी म्हनलात, नाजूक हाय. म्या म्हनलं, आसंल बाबा, शेरातल्या बाया.” मग त्यांनी माती पुढे ओढली आणि कमरेची सुतळी काढून दिली. त्यांचे हात कोपरापर्यंत मातीचे होते. “भाऊ, तुमीच मापा. ह्या खेपंला जितीजागती वीत घ्या.”

जानकीने हात पुढे केला आणि चटकन अर्धा मागे घेतला. सकाळची वेळ होती, दार उघडे होते, कुंपणापलीकडे काकू अळूची पाने काढत होत्या. असा उजेडात, दुसऱ्यादेखत, मी तिचा हात कधी हातात घेतला नव्हता. मी खाली बसलो आणि तो घेतला. तो मला वाटला होता त्याहून जड आणि खरखरीत होता. तिने बोटे ताणली. मी सुतळीची गाठ अंगठ्याच्या टोकाला धरली, तोच अंगठ्याच्या खालच्या उंचवट्यावर मला एक डाग दिसला. चकचकीत, चिंचोक्याएवढा, जुन्या भाजल्याचा.

“हे कधीचं?”

“ते होय?” ती म्हणाली. “पहिल्या वर्षीचं. मागच्या वैलावर माझा हात पुरत नसे ना.”

मी वळून भिंतीकडे पाहिले. त्या तपकिरी तळव्यावर, त्याच जागी, हळद एकसारखी आणि पुरी उमटलेली होती; डाग तिथे नव्हता.

“मापलं का, भाऊ?” गंगूमावशींनी विचारले.

माझ्या हातातली गाठ निसटली होती. मी ती पुन्हा अंगठ्याच्या टोकाशी नेली आणि पहिल्यापासून मोजायला लागलो.